आठ अंगांचे युद्ध : कोपर आणि गुडघा यांचे शिक्षण

द्वंद्वयुद्धाच्या कोणत्याही प्रकारात पहिला प्रश्न असतो तो अंतराचा. दोन योद्धे परस्परांपासून दूर उभे असतात तेव्हा पाय उपयोगी पडतो. एक पाऊल पुढे टाकले की मुठीचा टप्पा येतो. त्याहूनही जवळ, छातीला छाती भिडण्याच्या बेतात आली, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या मुष्टियुद्धात पंच दोघांना अलग करतो. थायलंडच्या मुष्टियुद्धात मात्र लढतीला खरा रंग येथूनच चढू लागतो. हात वळवायला जागा उरली नाही की कोपर पुढे येते आणि पाय झेपावायला जागा उरली नाही की गुडघा पुढे येतो.

‘मुआय थाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्येला ‘आठ अंगांचे युद्ध’ म्हणतात. दोन मुठी, दोन पाय, दोन कोपरे आणि दोन गुडघे ही ती आठ अंगे होत. यांपैकी मूठ आणि पाय यांचा वापर इतर देशांच्या युद्धकलांतही सर्रास आढळतो. कोपर आणि गुडघा यांना मात्र थायी पद्धतीत जे मानाचे स्थान आहे, ते फार थोड्या ठिकाणी दिसते. शिकवायला हीच दोन अंगे सर्वांत अवघड. कारण त्यांचा आघात शरीरातील कठीण हाडाने होतो, तो मऊ करण्यासाठी मध्ये हातमोजा नसतो, आणि सरावात जरासा तोल सुटला तरी समोरच्या सहकाऱ्याची भुवई फाटते. म्हणून या शिक्षणात आघात कसा करावा याइतकेच महत्त्व तो कसा आवरावा याला आहे.

पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत थायी योद्धे हाताला सुताची दोरी गुंडाळून लढत. त्या काळी डोक्याची धडकही आयुधांत मोजली जात असे. १९२० नंतरच्या दशकात या खेळाला आधुनिक रूप येत गेले. दोरीच्या जागी हातमोजे आले, चौकोनी रिंगण आले, वेळेने बांधलेल्या फेऱ्या आणि वजनगट आले. बँकॉक शहरात १९४५ साली राजदमनर्न आणि १९५६ साली लुंपिनी ही दोन क्रीडागृहे उघडली. तेथील अजिंक्यपद हे पुढे थायी मुष्टियोद्ध्याचे सर्वोच्च ध्येय होऊन बसले. लुंपिनीचे क्रीडागृह २०१४ साली आपल्या जुन्या जागेवरून शहराच्या दुसऱ्या भागात हलविण्यात आले. पूर्ण लढत प्रत्येकी तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती असते.

या सुधारणांच्या ओघात डोक्याची धडक नियमबाह्य ठरली, परंतु कोपर आणि गुडघा टिकून राहिले. याउलट १९६६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या किकबॉक्सिंगच्या परंपरेतून पुढे जे स्पर्धाप्रकार निघाले, त्यांतील अनेकांनी कोपराला बंदी केली आणि पकडीतील गुडघ्यावर मर्यादा घातल्या. त्यामुळे त्या खेळांचा वेग वाढला, हे खरे. पण निकटच्या लढतीचे शास्त्र त्यांतून जवळजवळ नाहीसे झाले. ब्रह्मदेशातील आणि कंबोडियातील मुष्टियुद्धे मात्र या बाबतीत थायी पद्धतीची सख्खी भावंडे शोभतात.

नावांतील परिचित ध्वनी

भारतीय वाचकाला या विद्येच्या परिभाषेत अनेक ओळखीचे शब्द भेटतात. लढतीपूर्वी योद्धा रिंगणात जे वंदननृत्य करतो, त्यातील वंदनाला ‘वाय ख्रू’ म्हणतात. ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’. मस्तकावर जे पवित्र कडे घातले जाते, त्याचे नाव ‘मोंगखोन’. त्यात ‘मंगल’ हा शब्द दडलेला आहे. वंदननृत्याला आणि पुढे लढतीलाही सनई, ढोल आणि झांजा यांची साथ असते. फेऱ्या रंगत जातात तसतशी वाद्यांची लयही चढत जाते.

जुन्या परंपरेत पंधरा मूलभूत डाव आणि पंधरा पूरक डाव सांगितले आहेत. त्यांची नावे थायी रामकथेतून, पुराणांतून आणि निसर्गातून घेतली आहेत. एका डावाचे नाव ‘ऐरावताची मान मोडणे’. यात प्रतिस्पर्ध्याची मान दोन्ही हातांनी खाली ओढून तिच्याकडे गुडघा वर घुसवितात. ‘नाग शेपटी पिळतो’ या डावात लाथेसाठी आलेला पाय धरून पिळतात आणि त्यावर गुडघ्याचा प्रहार करतात. ‘जावाचा योद्धा भाला फेकतो’ या डावात ठोसा चुकवून बाहेरच्या बाजूने बरगड्यांवर कोपर मारतात. थायी रामकथेत हिरण्याक्षाने पृथ्वी गुंडाळून नेल्याची कथा येते. तिच्यावरून, लाथ चुकवून स्वतःभोवती गिरकी घेत मारलेल्या कोपराला ‘हिरण्य भूमी गुंडाळतो’ असे नाव मिळाले.

ही नावे केवळ शोभेची नाहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या शिष्यालाही डावाचा आकार एका चित्रात ध्यानी राहावा, ही सोय त्यांत आहे. ऐरावताची मान एकदा डोळ्यांपुढे आली, की ती नुसत्या हाताच्या जोराने वाकणार नाही, तिच्यावर सगळ्या देहाचा भार टाकावा लागेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोपर

कोपराचे टोक म्हणजे हाताच्या करंगळीकडील हाडाचा वरचा शेवट. तेथे हाड आणि त्वचा यांच्यामध्ये स्नायूंचा थर जवळजवळ नसतो. भुवईच्या ठिकाणीही नेमकी हीच स्थिती आहे. अशी दोन हाडे घासली गेली म्हणजे मधली त्वचा सुरीने कापावी तशी फाटते. रक्त डोळ्यात उतरते, दृष्टी अंधारते आणि जखम खोल असल्यास वैद्याच्या सल्ल्याने लढत थांबवावी लागते. म्हणून कोपराचा प्रहार पुष्कळदा बळाने नव्हे, तर छेदाने जिंकतो. अर्थात टोकाऐवजी त्याच्याखाली दोन-तीन बोटे अंतरावरचे हाड कानशिलावर किंवा हनुवटीवर बसले, तर छेद न होता मेंदूला धक्का पोहोचतो. शिकविणारे या दोन परिणामांत फरक करतात आणि शिष्याने कोणता परिणाम योजला आहे ते त्याला आधी ठरवायला लावतात.

थायी भाषेत कोपराला ‘सॉक’ म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार सहा. ‘सॉक ती’ हा तिरका, वरून खाली कापत जाणारा प्रहार सर्वांत आधी शिकवितात. ‘सॉक तत्’ हा जमिनीला समांतर, आडवा फिरणारा प्रहार. ‘सॉक न्गत’ हनुवटीखालून वर चढतो. प्रतिस्पर्ध्याच्या दोन हातांच्या मधल्या फटीतून तो आत शिरतो. ‘सॉक फुंग’ भाल्याच्या फाळासारखा सरळ पुढे जातो आणि चाल करून येणाऱ्याला जागच्या जागी थोपवितो. ‘सॉक सप’ वरून उभा खाली उतरतो. डोके वाकवून आत घुसणाऱ्यावर त्याचा उपयोग होतो. सहावा ‘सॉक क्लप’, म्हणजे पाठ फिरवून गिरकीबरोबर मारलेले कोपर. तो दिसायला नेत्रदीपक, पण चुकला तर मारणाऱ्याची पाठ उघडी पडते.

नवशिक्याची पहिली चूक अशी, की तो कोपर खांद्याने मारतो. खांद्यात जोर असला तरी त्या जोराला टप्पा नसतो. खरा प्रहार पायातून सुरू होतो. उजवे कोपर मारायचे तर उजव्या पायाची टाच उचलली जाते, चवडा जमिनीवर वळतो, त्याबरोबर कंबर वळते, कंबरेमागून खांदा येतो आणि सर्वांत शेवटी कोपर. तळहात मोकळा आणि सैल ठेवतात. मूठ आवळली की प्रकोष्ठाचे स्नायू ताठरतात आणि हालचाल मंदावते. दुसरा हात याच क्षणी गालाशी उभा असावा लागतो, कारण ज्या अंतरावरून आपले कोपर पोहोचते, त्याच अंतरावरून समोरच्याचेही पोहोचते.

दुसरी चूक म्हणजे घाई. कोपर हे एकट्याने क्वचितच लागते. एखादा सरळ ठोसा प्रतिस्पर्ध्याचा हात वर आणतो, दुसरा त्याची नजर रोखून धरतो, आणि तो मागे सरण्याऐवजी पुढे आला तर मधल्या अर्ध्या पावलात कोपराची वेळ येते. ती वेळ ओळखणे हीच खरी विद्या. प्रहाराची रीत तिच्या मानाने लवकर साधते.

गुडघा

कोपर डोक्याकडे जाते, तर गुडघा बहुधा धडाकडे. पोट, बरगड्या, छातीच्या पिंजऱ्याखालचा खळगा आणि मांड्या ही त्याची लक्ष्ये. कोपराने लढत एका क्षणात संपू शकते. गुडघा ती हळूहळू पोखरतो. बरगड्यांवर एकामागून एक बसलेले गुडघे श्वास तोडतात. श्वास तुटला की हात खाली येतात, आणि हात खाली आले की पुढचे सर्व मार्ग मोकळे होतात.

गुडघ्याला ‘खाव’ म्हणतात. ‘खाव त्रोंग’ म्हणजे सरळ समोर घुसणारा गुडघा. सर्व प्रकारांचा हा पाया होय. ‘खाव छियांग’ तिरका वर जातो आणि बरगड्या शोधतो. ‘खाव खोंग’ बाहेरून वळसा घेऊन बाजूने येतो. अंगाला अंग भिडले असताना, सरळ गुडघ्याला जागा नसते तेव्हा तो कामी येतो. ‘खाव लॉय’ म्हणजे उडी घेऊन हवेतून मारलेला गुडघा. याशिवाय पकडीत असताना प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवर जे लहान लहान गुडघे मारतात, त्यांना ‘खाव नॉय’ असे नाव आहे. त्यांनी इजा फारशी होत नाही, पण पाय बधिर होतात आणि लक्ष विचलित होते.

सरळ गुडघ्याविषयी एक गोष्ट प्रत्येक शिक्षक पुनःपुन्हा सांगतो. गुडघा वर उचलायचा नसतो, तो पुढे घुसवायचा असतो. केवळ वर उचललेल्या गुडघ्यात मांडीचे बळ तेवढे असते. पुढे घुसविलेल्या गुडघ्यात कंबरेचे बळ येते आणि कंबरेमागे साऱ्या देहाचे वजन. हे साधण्यासाठी आधाराच्या पायाची टाच उचलून चवड्यावर उभे राहतात, कटिभाग पुढे लोटतात आणि खांदे किंचित मागे नेतात. मारणाऱ्या पायाची टाच मांडीच्या मागच्या बाजूस जवळ ओढलेली आणि बोटे जमिनीकडे वळलेली असावीत. असे केल्याने गुडघ्याचा कोन टोकदार होतो. पाय सैल लोंबत राहिला, तर गुडघ्याऐवजी नडगी किंवा मांडी आपटते आणि प्रहार वाया जातो. प्रहाराच्या क्षणी श्वास जोराने सोडतात. श्वास कोंडून मारणारा चौथ्या फेरीपर्यंत पुरत नाही.

पकड

गुडघ्याचे शिक्षण पकडीच्या शिक्षणाशिवाय अपुरे आहे. पकडीच्या झुंजीला थायी लोक ‘प्लाम’ म्हणतात. तेथील तालमींत योद्धे कित्येकदा अर्धा तास ते तासभर अखंड पकडीचा सराव करतात. पाहणाऱ्याला दोन माणसे एकमेकांच्या गळ्यात हात घालून रेटारेटी करीत आहेत एवढेच दिसते. प्रत्यक्षात तेथे तोल, श्वास आणि संयम यांची कठोर परीक्षा चाललेली असते.

पकडीचा मुख्य नियम असा, की ज्याचे हात आत, त्याचा ताबा. दोन्ही हात प्रतिस्पर्ध्याच्या हातांच्या आतून नेऊन त्याच्या डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर ठेवावेत. मानेच्या बुडाशी धरू नये. तेथे तो ताठ उभा राहू शकतो. बोटांत बोटे गुंफू नयेत, एका तळहातावर दुसरा ठेवावा, कारण गुंफलेली बोटे वेळेवर सुटत नाहीत आणि मोडूही शकतात. दोन्ही कोपरे एकमेकांजवळ आणून प्रकोष्ठ त्याच्या गळ्याच्या हाडांवर दाबावेत. मान वाकली की कणा वाकतो, आणि कणा वाकलेल्या माणसाला गुडघा मारताही येत नाही व चुकविताही येत नाही.

पकडीत सापडलेल्याने काय करावे? डोके खाली घालणे ही सहजप्रवृत्ती असते आणि तीच घातक ठरते. त्याने मान ताठ ठेवून कंबर प्रतिस्पर्ध्याच्या कंबरेला चिकटवावी. मधले अंतर नाहीसे झाले की गुडघ्याला वेग घ्यायला जागा राहत नाही. मग पोहणारा पाणी कापतो त्याप्रमाणे एक हात आतून वर सरकवावा, त्यामागून दुसरा सरकवावा, आणि ताबा आपल्याकडे घ्यावा. भारतीय कुस्तीशी परिचित असलेल्या वाचकाला यात पुष्कळ ओळखीचे वाटेल. परंतु येथे कंबरेवर घेऊन फेकण्यास नियमांची मनाई आहे आणि पाठ जमिनीला लागल्याने निकाल लागत नाही. प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवून त्याला खाली पाडणारा परीक्षकांच्या नजरेत वरचढ ठरतो, इतकेच. पकड निष्क्रिय झाली की पंच दोघांना सोडवितो.

सरावाची चढती पायरी

शिक्षण चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत आरशासमोर किंवा मोकळ्या जागेत, हवेतच प्रहारांचा आकार घोटवितात. वेग मुद्दाम कमी ठेवतात. चूक सावकाश हालचालीत उघडी पडते, वेगात ती लपते. दुसऱ्या पायरीत टांगलेली जड पिशवी येते. तिला दोन्ही हातांनी धरून डावा-उजवा असे शेकडो गुडघे मारणे हा थायी तालमीतील नित्याचा दिवसअखेरचा पाठ आहे. तिसऱ्या पायरीत शिक्षक हातात जाड पॅड आणि पोटावर गादीचा पट्टा बांधून समोर उभा राहतो. पिशवी उलट चाल करीत नाही, शिक्षक करतो. तो पुढे येतो, मागे सरतो, मध्येच पॅडने टपली मारून शिष्याचा हात गालाशी आहे की नाही ते पाहतो.

चौथी पायरी सहकाऱ्याबरोबरच्या लढतीची. येथे संयमाची कसोटी लागते. सरावाच्या लढतीत कोपर मारीत नाहीत, ते केवळ ‘दाखवितात’. म्हणजे लक्ष्याजवळ नेऊन थांबवितात. ज्याला ते दाखविले गेले, त्याला आपण लागलो असतो हे कळते, आणि तेवढे पुरते. पकडीच्या सरावात गुडघ्याच्या टोकाऐवजी मांडीची आतली सपाट बाजू बरगड्यांवर आपटतात. आवाज होतो, पण हाड लागत नाही. हौशी स्पर्धांत शिरस्त्राण आणि कोपरांवर गादीचे आवरण वापरतात.

जो शिष्य या मर्यादा पाळीत नाही, त्याच्याशी सराव करायला हळूहळू कोणी उरत नाही. आणि सहकाऱ्यावाचून निकटच्या लढतीची विद्या शिकताच येत नाही. यावरून या विद्येतील सौजन्य हे तिच्या उपयुक्ततेपासून वेगळे काढता येत नाही, हे स्पष्ट होईल.

दोन-तीन आदर्श

थायी परंपरेत योद्ध्यांचे वर्गीकरणच त्यांच्या आवडत्या आयुधावरून होते. गुडघ्याने लढणाऱ्याला ‘मुआय खाव’ म्हणतात. या वर्गात दीसेलनॉय याचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. सुमारे सहा फूट दोन इंच उंचीचा हा योद्धा १३५ पौंडांच्या वजनगटात लढे. १९८१ साली तो लुंपिनीचा विजेता झाला. एवढ्या उंच देहाने मान धरली की गुडघा सहज छातीपर्यंत पोहोचत असे. पुढे त्याच्याशी लढण्यास प्रतिस्पर्धीच मिळेनासे झाले.

१९८२ साली त्याची गाठ सामार्त पायाकारून याच्याशी पडली. सामार्त हा लुंपिनीच्या चार वजनगटांचा विजेता आणि चातुर्याने लढणाऱ्यांत अग्रगण्य. पुढे १९८६ साली त्याने पाश्चात्य मुष्टियुद्धातही जागतिक अजिंक्यपद मिळविले. तो अंतर राखण्यात निष्णात होता. परंतु दीसेलनॉय सतत पुढे चालत राहिला, पकड घेत राहिला, आणि अखेर गुडघ्यांनी ती लढत त्याने जिंकली. चातुर्य कमी पडले असे नव्हे. चातुर्याला लागणारे अंतरच त्याने उरू दिले नाही.

कोपराच्या बाबतीत १९९० नंतरच्या दशकातील योदखुनफोन याचा उल्लेख करतात. प्रतिस्पर्ध्यांना पडणाऱ्या टाक्यांवरूनच त्याला ‘शंभर टाक्यांचा कोपरधारी’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले होते. या नावात कौतुक आहे, तसेच या आयुधाची किंमत कोणाला मोजावी लागते याची आठवणही आहे.

विद्या आणि जबाबदारी

ती किंमत नजरेआड करून चालणार नाही. थायलंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः गरीब ईशान्य प्रदेशात, मुले कोवळ्या वयात रिंगणात उतरतात. लढतीच्या मानधनावर घराचा खर्च अवलंबून असतो आणि प्रेक्षकांत पैजा लागलेल्या असतात. १९९९ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलांच्या लढतींसाठी पालकांच्या संमतीची अट घातली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाचा लढतीनंतर मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, तेव्हा ही अट पुरेशी आहे काय, असा प्रश्न देशभर विचारला गेला. वैद्यकीय मत मुलांच्या डोक्यावरील आघातांच्या विरुद्ध होते. उलट, हा खेळच आपल्या मुलांना दारिद्र्यातून वर काढतो, असे अनेक कुटुंबांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि म्हणूनच प्रश्न सोपा नव्हता.

दुसरीकडे या विद्येचा परीघ विस्तारत आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २०१६ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला तात्पुरती आणि २०२१ साली पूर्ण मान्यता दिली. त्याच वर्षी लुंपिनीच्या रिंगणात प्रथमच स्त्रियांची लढत झाली. तोपर्यंत त्या रिंगणाला स्त्रीने स्पर्शही करू नये असा संकेत होता.

नव्याने शिकू इच्छिणाऱ्याने यातून एवढेच ध्यानी घ्यावे. कोपर आणि गुडघा ही निसर्गाने प्रत्येकाला दिलेली आयुधे आहेत, त्यामुळे ती हाती येण्यास काही वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्यांना आवर घालण्यास. ज्या तालमीत आवरण्याचे शिक्षण आधी आणि मारण्याचे नंतर दिले जाते, जेथे शिक्षक मुलांच्या डोक्यावर आघात होऊ देत नाही आणि जेथे जखमेची लाज किंवा फुशारकी न बाळगता तिच्यावर उपचार केले जातात, तीच तालीम निवडावी. ‘वाय ख्रू’ करताना योद्धा गुरूला वंदन करतो, ते याच शिक्षणासाठी.